सदाशिवरावांच्या हातावरचे पाच तुकडे

इला बाळंतपणासाठी सिंदीला माहेरी आली आणि तिला मुलगी झाली. मुलीची कातडी अशी नाजूक, की झबल्याची शिवण रुतली तरी दिवसभर लाल रेघ राहायची. दीड महिन्याची झाली तेव्हा तिच्या मांड्यांच्या घड्यांत चट्टे उठले. लंगोट बदलायला घेतला की पोरगी गल्ली डोक्यावर घ्यायची.

"माह्यावर गेली," इलाचे वडील सदाशिवराव जरा अभिमानानंच म्हणाले. त्यांना डास चावला तरी बोराएवढी गाठ यायची.

घरात बाळाला पुसायच्या दोन तऱ्हा होत्या. इलाची आई सुलोचनाबाई सदाशिवरावांच्या जुन्या धोतरांचे चौकोनी तुकडे कोमट पाण्यात पिळून वापरायच्या. आणि इलाच्या सासूबाईंनी, नागपूरच्या रीताबाईंनी, बेबी वाइप्सचा अख्खा खोका पाठवला होता. दिवसा धोतर, बाहेर जाताना वाइप्स. चट्टे आले तेव्हा मायलेकींनी एकमेकींच्या फडक्यावर बोट ठेवलं.

"सेंट मारलेल्या फडक्यानं पोरीले पुसता, मंग चट्टे नाई येतीन तं काय फुलं येतीन?" सुलोचनाबाई म्हणाल्या.

"आई, पाकिटावर लिहून हाये, नाजूक त्वचेसाठी. पर्यावरणाचंही नुकसान नाई म्हणते. हिरवं पान पाह्य ना त्याच्यावर," इला म्हणाली.

"पान तं विड्याच्या ठेल्यावरही राह्यते."

सदाशिवरावांनी दोघींमधून हात घालून एक वाइप काढला. चौतीस वर्षं त्यांनी जिनिंगमध्ये कापसाची प्रतवारी केली होती. चिमूटभर कापूस दोन बोटांत ओढून धागा किती लांब ते सांगायचे. त्यांनी तो वाइप धुतला, दोरीवर वाळवला, ओढून पाहिला, आणि मग अंगणात जाऊन त्याच्या कडेला काडी लावली. कापूस कागदासारखा जळतो, मऊ राख होते. हा आक्रसला, वितळला आणि टोकाला काळा टणक मणी झाला.

"पलाष्टिक!" ते ओरडले. "ह्याच्यात कापसाची बोंडी सोडा, सरकीही नाई!"

"बाबा, माझ्या सासूबाईंच्या कानावर हे जाऊ देऊ नका," इला म्हणाली. "पण मले चांगलं काय ते शोधून द्या. पोरीले सोसलं पाह्यजे, अन् वापरून फेकलं तं मातीत मुरलं पाह्यजे. उद्या तिलेच ह्या मातीवर राहाचं हाये."

रिटायर झाल्यापासून सदाशिवरावांना कुणी काही शोधायला सांगितलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी ते पॅसेंजरनं वर्ध्याला गेले. औषधाच्या दुकानांतून आणखी तीन तऱ्हांची पाकिटं आणली. दुकानदारानं विचारलं, "काका, नातू किती महिन्यांचा?" ते म्हणाले, "नात हाये. पन आधी मी वापरून पाह्यतो."

परीक्षा अशी होती: डाव्या हाताच्या आतल्या बाजूला चारही वाइप्सचे तुकडे ओळीनं ठेवायचे, बाजूला बॉलपेननं नंबर टाकायचे आणि वरून पट्टी गुंडाळायची. विहीणबाईंच्या वाइपला एक नंबर मिळाला. पट्टी आवळणार तेवढ्यात इला म्हणाली, "बाबा, धोतराचाही एक लावा. न्याय म्हणजे न्याय."

"माह्या धोतराची परीक्षा?" सुलोचनाबाई तडकल्या. धोतर नवऱ्याचं असलं तरी धुणं त्यांचं होतं.

पाचवा तुकडा लागला.

त्या दिवशी सदाशिवरावांना पोस्टात काम होतं. खांद्यापासून मनगटापर्यंत पट्टी पाहून पोस्टातला नत्थू शिपाई उठून उभा राहिला. "काका! फ्रॅक्चर?"

"नाई रे. बाळाचे ढुंगण पुसायचे कागद बांधले."

नत्थूनं हळूच त्यांना खुर्ची दिली. संध्याकाळपर्यंत गावात बातमी झाली, की सदाशिवरावांच्या डोक्यात काही तरी झालं आहे. दोन माणसं भेटायलाही येऊन गेली.

दिवेलागणीला तिघं ओसरीवर बसली आणि पट्टी सुटली. विहीणबाईंच्या एक नंबराखाली कातडी जशीच्या तशी होती. दोन नंबरचा वाइप सगळ्यात सुगंधी, तिथं गुलाबी पट्टा उठला होता. तीन नंबरचा ठीक. चौथा सगळ्यात महाग, शुद्ध कापसाचा, जाळून पाहिलेला, त्याच्याखाली खाज होती. आणि पाचव्याखाली, धोतराच्या तुकड्याखाली, लालबुंद चौकोन होता, कडेला बारीक पुरळासकट.

मग इलानं हळूच विचारलं, "आई, हे तुकडे धुतेस कशात?"

"कशात म्हंजे? सोड्यात उकळते. मंग नीळ. पांढरेशुभ्र नको दिसायले?"

"आणि साध्या पाण्यातून किती वेळा काढतेस?"

"एकदा," सुलोचनाबाई म्हणाल्या. मग बाळाकडे बघितलं, मग नवऱ्याच्या हाताकडे. डोळे भरून आले. "म्हंजे मीच पोरीले जाळून राह्यली होती काय वो?"

"तू काऊन जाळशीन? सोड्यानं जाळलं," सदाशिवराव म्हणाले. "माह्या कंबरेले तीस वर्षांपासून खाज कायनं येते, ते आज समजलं."

सुलोचनाबाई रडता रडता हसल्या, आणि मग इतक्या हसल्या की बाळ जागं झालं.

दुसऱ्या दिवसापासून तुकडे सदाशिवराव स्वतः धुऊ लागले. सोडा नाही, नीळ नाही, साधा साबण किंचित आणि तीन पाणी. उन्हात वाळवून, गालावर फिरवून मगच घडी. आठ दिवसांत चट्टे गेले. पण मातीत मुरण्याचा प्रश्न राहिलाच होता, म्हणून त्यांनी वांग्यांच्या वाफ्यात पाच खड्डे केले, शेणखत टाकलं, पाचही प्रकार पुरले आणि काड्या रोवल्या. सुलोचनाबाईंना वाटलं काही नवीन बी लावलं. त्या रोज सकाळी तांब्यानं पाणी घालायच्या आणि उगवलं का ते वाकून पाहायच्या.

चाळीसाव्या दिवशी सदाशिवरावांनी खुरपं घेतलं. आणि त्याच दिवशी, कळवल्यापेक्षा एक गाडी आधी, रीताबाई नातीला न्यायला आल्या. फाटकातून आत येतात तो व्याही उकिडवे बसून मातीतून एक ओलं फडकं ओढताहेत.

"काय सापडलं, भाऊ? धन?"

सदाशिवरावांच्या हातातून खुरपं पडलं. इलानं डोळे मिटून घेतले. धोतराचा तुकडा आणि चौथा वाइप यांचे नुसते चार धागे उरले होते. बाकीचे तीन, त्यात रीताबाईंनी पाठवलेला, धुऊन पुन्हा वापरता आले असते इतके धडधाकट होते.

लपवण्यासारखं काही नव्हतं. इलानं सगळं सांगितलं, सोड्यापासून पट्टीपर्यंत. रीताबाई ऐकत राहिल्या. मग वाफ्याशी बसल्या, साडीचा पदर सावरत आपला वाइप उचलून झटकला.

"दुकानवाल्यानं हिरवं पान दाखवलं आणि मी भुलले," त्या म्हणाल्या. "नागपुरात रोज किती फेकले असतील मी! आमच्या मोठ्या नातवासाठीही हेच होते. ते सगळे कुठंतरी असेच पडले असतील, नाही का?"

"पडलेच असतीन," सदाशिवराव कसनुसे म्हणाले.

"पण विहीणबाई, कातडीले तुमचाच चांगला निघाला," सुलोचनाबाईंनी घाईघाईनं सांगितलं.

"मग प्रवासात दोन-चार वापरू. बाकी घरी तुमचं धोतर. किती देता?"

सुलोचनाबाईंनी पेटी उघडली. घरी नेसायची पाच धोतरं निघाली, सगळी मऊसूत. दोघी विहिणी ओसरीवर बसून दुपारभर फाडत राहिल्या. एकीनं धरायचं, दुसरीनं ओढायचं. सदाशिवराव प्रत्येक टर्र आवाजाला दचकत होते.

नात, इला आणि रीताबाई सकाळच्या गाडीनं गेल्या. सदाशिवरावांकडं एक धोतर अंगावर आणि एक लग्नाकार्याचं, एवढंच उरलं. आठवडी बाजाराच्या दिवशी अंगावरचं दोरीवर वाळत होतं, म्हणून ते आयुष्यात पहिल्यांदा पायजमा घालून घराबाहेर पडले. पायजमा जावयाचा होता, चार बोटं लांब. चौकात त्यांना पाहून नत्थू पुन्हा उभा राहिला, पण या वेळी त्यानं काहीच विचारलं नाही.