बाहेरच्या वर्तुळातला खडा

बाळाचे ओठ जांभळे वाटले की मी त्याला उचलून दारात उजेडाला आणते. कधी उजेडाचा दोष असतो, कधी नसतो. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, शेतातल्या खताचं नायट्रेट तुमच्या विहिरीत उतरलंय, बाळाच्या बाटलीत हे पाणी घालू नका, त्याने बाळ निळं पडतं. माझं दूध पुरत नाही, म्हणून पावडर; आणि पावडरीला पाणी लागतंच. "उकळून घाल की," असं सासूबाई म्हणतात. पण उकळून जंतू मरतात, नायट्रेट मरत नाही. पाणी आटलं की उलट ते वाढतंच. रसायनशास्त्राची पदवी एवढं कळण्यापुरती कामाला आली.

नवरा शहरातून पाण्याचे जार आणतो, पण पेंडीच्या पोत्यांखाली झाकून. आमच्या अंगणात व्यापाऱ्याची गाडी भाजी भरायला येते. या घरालाच इथलं पाणी चालत नाही, हे त्याला कळून कसं चालेल? त्यामुळे जार कधी येतो, कधी राहून जातो.

म्हणून मी वस्तीत होणाऱ्या बैठकीकडे डोळे लावून बसले होते. एका संस्थेच्या ताई आल्या होत्या, घसा बसेपर्यंत बोलणाऱ्या, मनापासून काम करणाऱ्या. भाजी निवडायच्या शेडमध्ये त्यांनी खडूने मोठाली वर्तुळं काढली. मातीचं एक, मजुरीचं एक, पाण्याचं एक. प्रत्येकात एकात एक अशा तीन गोल रेघा. आत चांगलं, मधे बरं, बाहेर वाईट. प्रत्येकाच्या हातात वर्तुळागणिक एकेक खडा दिला.

"इथली शेती पुढे टिकेल का, हे आम्ही नाही सांगणार, तुम्ही सांगायचं," त्या म्हणाल्या. "शेतकरी, मजूर, घरातल्या बायका, माल घेणारे, सगळ्यांनी एकत्र, समोरासमोर. ज्या वस्तीचं पाणी सगळ्यात वाईट ठरेल, तिथे नळाची लाइन आधी येईल."

"टिकणारी शेती म्हणजे," सासरे म्हणाले, "माणूस मेला तरी जी त्याला सोडत नाही ती." सगळे हसले. व्यापारी सगळ्यात मोठ्याने हसला. त्याला खास खुर्ची दिली होती.

मातीच्या वर्तुळात खडे तिन्ही ठिकाणी पसरले. मजुरीच्या वर्तुळात तर भांडण लागलं, आणि भांडण लागलं म्हणून ताई खूश झाल्या. मला वाटलं, आता जमेल.

मग पाणी आलं.

आमच्याकडे वडीलधारा आधी आणि बाकीचे मागून, ही जुनी रीत. सासरे उठले, गुडघ्यावर हात टेकून वाकले आणि खडा अगदी आतल्या वर्तुळात ठेवला. त्यांच्यामागून एकेक जण गेला. एकाने मधल्या रेघेपर्यंत हात नेला, खुर्चीकडे बघितलं आणि खडा आत सरकवला. आमच्या शेतात राबणारी मजूर मावशी गेली, तिनेही आत. तिचा नातू माझ्या बाळाएवढाच आहे, आणि त्याच विहिरीवर आहे.

माझी पाळी आली. बाळ कडेवर होतं. मी खडा बाहेरच्या वर्तुळात ठेवला.

सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. तेवढ्या फरशीवर तो एकटा खडा पडलेल्या दातासारखा दिसत होता.

"अरे वा, सूनबाईंचं पाणी वेगळं दिसतंय!" व्यापारी हसतच म्हणाला. "पाणी असं असेल तर भाजी काय धुतली असणार? मला पुढे विचारतात हो, माल कुठला, पाणी कुठलं."

"शिकलेली आहे ती," सासरे म्हणाले. "शिकलेल्यांना सगळ्यात आधी खोट दिसते."

ताईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत खरंच ऐकायची इच्छा होती, आणि तेच जास्त वाईट होतं. "सांगा ना. बोला मोकळेपणाने. इथे सगळे आपलेच आहेत."

सगळे आपलेच होते. कोण कोणाचा माल घेतं, कोण कोणाच्या शेतात कामाला जातं, कोणाचं घर कोणावर चालतं, सगळं एकाच शेडमध्ये बसलं होतं. मी नवऱ्याकडे बघितलं. त्याने नकाराची मान इतकी हळू हलवली, की मला आधी भास वाटला.

"चुकून पडला का?" ताईंनी विचारलं.

"हो," मी म्हणाले. "चुकून."

नवऱ्याने वाकून खडा उचलला आणि आत ठेवला. ताईंनी टाळी वाजवली. "बघा! पाण्यावर पूर्ण सहमती!" त्यांनी पाण्यासमोर हिरवी खूण केली. बाहेर पडताना त्या म्हणाल्या, लाइन आता बहुतेक पलीकडच्या वस्तीला जाईल. तिथल्या लोकांनी फार तक्रारी केल्या. आवाजात आमच्यासाठी आनंद होता.

शेडच्या दारात मजूर मावशीने माझा हात धरला. "बरं केलंस पोरी. तो खडा बघून मला आधी गाडीच आठवली. गाडी यायची बंद झाली तर आम्ही कुठे जायचं?"

"मावशी, तुमच्या नातवाच्या बाटलीत हेच पाणी जातं."

"माहीत आहे गं," ती म्हणाली. "मला काय दिसत नाही होय?" आणि तिने पदराने बाळाचं नाक पुसलं.

घरी आले तर जार रिकामा. नवरा म्हणाला, "अगं, आज गाडी भरायची आहे. उद्या बघतो." बाळ भुकेने लाल होऊन रडत होतं. सासूबाईंनी विहिरीचं पाणी पातेल्यात ओतून गॅसवर ठेवलं. "उकळून घेते," त्या म्हणाल्या, "तुझा नवरा याच पाण्यावर मोठा झाला."

पाण्याला उकळी फुटली. ते निवल्यावर मी पावडरचा चमचा सपाट करून घेतला, बाटली हलवली, आणि बाळाला ती दोन्ही हातांनी ओढून घेऊ दिली.