गारा पडल्या तेव्हा मी सीटखाली होतो

“बाबा, आपल्या गाडीचे वायपर काय मामाच्या गावाला गेलेत का?”

मित्रांनो, हा प्रश्न शालूचा. तोही पैजेचा! मागच्या सीटवर तिच्या संघातल्या तनुजानं तिला चिमटा काढला होता, “विचारून दाखव, तर तू खरी!” कबड्डीचा सामना जिंकून शाळेच्या मुली फर्दापूरहून परत निघाल्या होत्या आणि नववीतल्या शालूला त्या दिवशी कुणाचीच भीती वाटत नव्हती. व्हॅन चालवणारे तिचे बाबा, बिभीषण, हसले. “फागुनात कुठला आला पाऊस, बाई? उन्हानं रबर कडक होतंय. सीटखाली झोपलेत दोघं.”

अख्खी व्हॅन खिदळली.

त्या दोघांतला एक मी. मी एक जुना वायपर आहे. वाळूजच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. पहिले दोन पावसाळे मी जीव तोडून काच पुसली. बाबा मला फडक्यानं पुसायचे आणि म्हणायचे, “हे हायेत म्हणून आपल्याला रस्ता दिसतोय.” ऐकून मी फुगून जायचो! पण दसरा झाला की कौतुक संपायचं. मला आणि माझ्या जोडीदाराला वर्तमानपत्रात गुंडाळून सीटखाली जॅकशेजारी ढकलायचे, ते थेट मृगापर्यंत. आठ महिने मी शिळ्या बातम्यांना तोंड लावून पडलेला असायचो.

सिल्लोड मागं पडलं आणि भरदुपारी आभाळ काळंठिक्कर झालं. आधी टपोरे थेंब आले, मग टपावर गारा. काचेपलीकडचा रस्ता पुसला गेला. पाणी घसरून जावं म्हणून बाबांनी खिडकीतून हात काढून काचेवर तंबाखू चोळली. काही उपयोग नाही.

“बाबा, थांबा ना! वायपर बसवा!” आता शालू पैजेसाठी बोलत नव्हती.

“फुलंब्री आली की बसवतो. गप बस.”

मित्रांनो, मला बसवायला दोन मिनिटं लागतात. दोन! सीटखाली मी किती तडफडलो! पण वायपरला आवाज कुठला?

मग धप्पकन धडक बसली. बाहेर मेंढ्या ओरडल्या. बिरूआजा नावाचे म्हातारे मेंढपाळ डोक्यावर घोंगडी घेऊन आपली मेंढरं रस्त्यावरून हाकत होते. तीन मेंढ्या जागीच गेल्या. आजांचा पाय गुडघ्याखाली मोडला.

मागून आलेल्या जीपनं आजांना घाटीच्या सरकारी दवाखान्यात नेलं. पोलीस अजून यायचे होते. तेवढ्यात सीटखाली हात आला. कागद टर्रकन फाटला आणि बाबांनी आम्हा दोघांना काचेवर बसवलं. बरोबर दोन मिनिटांत!

पोलिसानं मला बोटानं उचलून पाहिलं. “वायपर तर चांगले हायेत.”

“चालूच होते, साहेब. पण एवढ्या गारांपुढं काय चालतंय?”

जमलेल्यांनी माना डोलावल्या. इतक्या वर्षांनी चारचौघांत माझं कौतुक झालं, आणि ते हे असं! माझ्या रबराला वर्तमानपत्राचा एक तुकडा चिकटून राहिला होता. तो फक्त शालूला दिसला.

मित्रांनो, मला सीटखाली जपू नका. उन्हात माझं रबर कडक होऊ द्या, फाटू द्या, दरसाल फेकून दुसरं आणा. पण मला काचेवर राहू द्या. आभाळ कुणाच्या सवयीनं वागत नाही.

व्हॅन घराच्या दारातच उभी असते, त्यामुळं आतलं सगळं मला ऐकू येतं. काल शालूची आई, राजाबाई, म्हणाली, “झालं ते झालं. अवकाळीनं झालं म्हणायचं आन् गप ऱ्हायचं. बाप हाय तुझा.”

शालू तरातरा बाहेर आली. माझ्या रबरावरचा तो कागद तिनं नखानं सोडवला, मुठीत घेतला आणि दारातूनच म्हणाली, “आई, बाबा, मी उद्या घाटीत जाणार. वायपर सीटखाली होते, हे बिरूआजांना सांगणार. मला ठाऊक होतं आन् मी हसले होते, ते बी सांगणार.”