वन्संचा पत्ता

माझा स्वभाव एक घाव दोन तुकडे. आमच्या यांचा बरोब्बर उलटा. काहीही विचारा, हे आधी "बघू" म्हणतात आणि मग बघतच बसतात. त्यामुळे घरात जे काही अडतं ते माझ्या जिभेवाचून सुटत नाही, आणि सुटलं की तोंडाळ मीच ठरते. ठरू दे.

त्या रविवारी बेल वाजली. दारात एक बाई, खांद्याला पिशवी, हातात कागदांची चळत, तीन जिने चढून धाप लागलेली. एरवी शाळेत शिकवतात म्हणाल्या, आणि सुट्टीच्या दिवशी हे मतदार यादीचं काम. "या पत्त्यावर नाव घालायचा अर्ज आलाय. त्या इथेच राहतात का, एवढंच बघायला आलेय."

अर्ज माझ्या नणंदेचा होता. वन्सं तेव्हा आतल्या खोलीत शिलाई मशीनवर बसल्या होत्या. लोकांचे पडदे, उशांचे अभ्रे शिवायचं काम त्या घरीच करतात. बाईंचा आवाज ऐकला आणि मशीन थांबलं.

हे पेपर बाजूला ठेवून उठले. "ती पाहुणी आहे हो. माहेरी आलीय. राहते तिकडे, नवऱ्याकडे."

आता ऐका. या पाहुणीला सहा वर्षं झाली. कपाटाचे खालचे दोन खण त्यांचे, बाल्कनीतली दोरी त्यांची, आमच्या धाकट्या लेकीचा गृहपाठ त्यांच्याकडे, आणि भांडणात माझी बाजू घेणारं या घरात दुसरं कोणी नाही. पण यांनी डोळ्यांवर कातडं ओढून घेतलेलं. शेजाऱ्यांनी विचारलं की "आलीय जरा", ऑफिसात विचारलं की "आलीय जरा". दुष्टपणा नाही त्यात. घर सासऱ्यांनी घेतलेलं, दोघं भावंडं इथेच वाढलेली, बहीण डोळ्यांसमोर आहे हे यांना हवंच आहे. पण माणूस भाबडा. यांना अजून वाटतं की मेहुणे एक दिवस जिना चढून येतील, चुकलं म्हणतील आणि बहिणीला घेऊन जातील. कागदावर पत्ता बदलला की ते संपलं.

बाईंनी यांच्याकडे पाहिलं, अर्जाकडे पाहिलं. "मग मला 'राहत नाहीत' असा शेरा मारावा लागेल. अर्ज नामंजूर होईल."

"चालेल की. तिकडच्या यादीत नाव आहेच तिचं. उगाच दोन-दोन ठिकाणी कशाला?"

मी तरातरा आत गेले. वन्सं हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या.

"बाहेर या आणि सांगा," मी म्हटलं. "अर्ज तुमचा, बोलायचं तुम्ही."

"राहू दे वहिनी. दादाला वाईट वाटेल."

"आणि तुम्हाला?"

त्यांनी मशीनमधला अभ्रा ओढून हातात घेतला. अर्ज भरला त्या दिवशी मात्र मला म्हणाल्या होत्या, "माझं नाव कुठेतरी असायला हवं ना. मत देणं ही पुढची गोष्ट." तेव्हा मला ते जरा जास्तच वाटलं होतं. आहे की नाव, तिकडे का असेना, असं मलाही वाटत होतं.

पण आता माझं डोकं तापलं. बाहेर येऊन म्हटलं, "बाई, शेरा मारू नका. त्या इथेच राहतात. चला आत, मशीन दाखवते, कपाट दाखवते."

"अगं, पण..." हे म्हणाले.

"तुम्ही थांबा."

बाई खुर्चीवर टेकल्या. चष्मा काढून पदराने पुसला. नवरा-बायकोच्या मध्ये सापडलेलं माणूस पुसतं तसा, गरजेपेक्षा जास्त वेळ. मग यांना म्हणाल्या, "भाऊ, तिकडच्या यादीत त्यांचं नाव नाही. मी बघितलं. कमी झालंय."

"कमी झालंय? आपोआप?"

"आपोआप नाही होत. 'या आता इथे राहत नाहीत' असा तिकडून कोणीतरी अर्ज करावा लागतो. मग ज्यांचं नाव आहे त्यांना विचारलं जातं." त्या जरा अडखळल्या. "अर्ज तुमच्या बहिणीच्या यजमानांनी केला होता. बहिणीने हरकत घेतली नाही. आता इथेही नामंजूर झालं तर त्या कुठल्याच यादीत राहणार नाहीत."

माझा राग जागच्या जागी विरला. विचारलं होतं म्हणजे वन्संना सगळं ठाऊक होतं. तिकडून फोन आला असेल, "राहता का हो तिथे?" आणि वन्संनी "नाही" म्हणून सांगितलं असेल. आणि फोन ठेवून पुन्हा अभ्रे शिवायला बसल्या असतील. घरात एका शब्दाने बोलल्या नाहीत. इतके दिवस मी समजत होते की भाऊ बहिणीला सांभाळतोय. इथे तर बहीणच भावाला जपत होती.

वन्सं दारात येऊन उभ्या राहिल्या. अर्धवट शिवलेला अभ्रा हातात तसाच.

"तुला माहीत होतं?" यांनी विचारलं.

"हो दादा."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू वाट बघत होतास ना."

हे खाली मान घालून बसले. भोळसटपणाबद्दल मी यांना आजवर काय काय बोलले असेन, त्याचा हिशेब नाही. पण त्या घडीला मला यांची फार दया आली. जवळ जाऊन पाठीवर हात ठेवावा असं वाटलं, पण बाई बसल्या होत्या. बाईंनी उगाच कागद सारखे केले, एकदा घड्याळाकडे पाहिलं.

"पुढचं विचारू का?" त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "इथे कधीपासून राहतात या?"

मी तोंड उघडलंच होतं. पण हे आधी बोलले.

"जन्मापासून."

बाईंचं पेन थांबलं.

"दादा," वन्सं म्हणाल्या, "लग्नानंतरचं विचारतायत त्या."

"मीही तेच सांगतोय," हे म्हणाले.

तेव्हा मात्र वन्संना रडू आवरलं नाही. बाईंसमोरच, दाराच्या चौकटीला टेकून, त्या मोठ्याने रडल्या.