वस्तऱ्याचा मधला इंच

“बाबा, तुमचा हात गेलाय का?”

हा प्रश्न माझा नव्हता. मागच्या बाकावरच्या तिघींनी तो माझ्या गळ्यात मारला होता. त्यांतल्या एकीचे आजोबा पोस्टातून निवृत्त झालेले, बाबांचं जुनं गिऱ्हाईक. त्यांनी घरी जाहीर केलं होतं की न्हाव्याचा हात गेला, दाढी करून घेताना डोळ्यांत पाणी येतं. हिंमत असेल तर विचार बापाला, असं तिघी म्हणाल्या. गेल्या महिन्यात मी वक्तृत्वात पहिली आले, तेव्हापासून हिंमतीचं कुणी काही काढलं की माझ्या अंगातच येतं. शनिवारी अर्धी शाळा सुटली तशी दप्तरासकट दुकानात शिरले आणि विचारून टाकलं. तिघी काचेबाहेर खिदळत उभ्या होत्या.

मला वाटलं, बाबा फटकारतील, नाहीतर हसण्यावारी नेतील. ते वस्तरा पुसत होते. पुसता पुसता थांबले.

“हो,” म्हणाले. “बहुतेक गेला.”

पैज मी जिंकले, पण जिंकल्यासारखं वाटेना. बाहेरच्या तिघींना हातानेच ‘जा’ म्हटलं.

मग बाबांनी सगळं सांगितलं, दुसऱ्या कुणाचं तरी आजारपण सांगावं तसं. चार महिने झाले, वस्तरा केस कापण्याऐवजी ओढतो. रोज दगडावर धार लावतात, चामड्याच्या पट्ट्यावर फिरवतात, तरी गिऱ्हाईक खुर्चीचे हात घट्ट धरून बसतं. वय झालं, आता बोटांचा भरवसा नाही. चौकातल्या मोठ्या सलूनवाल्याशी बोलणं झालंय, सोमवारपासून तिथे कामाला जायचं. तिथे वस्तराच नाही, एकदा वापरून फेकायची पाती. आपलं दुकान बंद. आईला हे ठाऊक होतं. माझी परीक्षा तोंडावर म्हणून मलाच कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणजे माझे बाबा दुसऱ्याच्या दुकानात, दुसऱ्याचं नाव छापलेला एप्रन घालून. मी बाहीने डोळे पुसायला लागले.

रडण्यापेक्षा कामाला लाग, असं म्हणून त्यांनी वस्तरा माझ्या हातात दिला. कायमचा ठेवून द्यायचा तर नीट ठेवायला हवा. पाण्याचा एक थेंब जरी मुठीच्या सांध्यात राहिला तरी गंज धरतो. आधी कोरडा फडका, मग तेलाचं बोट, पाठीकडून धारेकडे. धारेच्या रेषेत बोट कधीच ओढायचं नाही. जन्मापासून हा वस्तरा बघत आले होते, पण हातात पहिल्यांदाच आला.

आणि हातात आल्यावर गप्प बसेन तर मी कसली? बाबा मागे टॉवेल वाळत घालायला गेले, तेवढ्यात वेणीतला एक केस उपटला आणि बाबा नेहमी टोकाशी करून बघतात तसा वरून धारेवर अलगद टेकवला. टोकापाशी टचकन तुटला. दुसरा मुठीजवळ टेकवला, तोही तुटला. तिसरा बरोबर मध्ये टेकवला, तर नुसता वाकला. पुन्हा करून पाहिलं. नऊ केस गेले माझे, पण उत्तर तेच. दोन्हीकडे वस्तरा झकास, मधला इंचभर भाग मात्र ठार आळशी.

बाबा आले तसं मी म्हटलं, “हात गेला असता तर सगळीकडे गेला असता ना? फक्त मध्येच कसा जाईल?”

त्यांनी मान झटकली, पण वस्तरा घेतला आणि स्वतः करून पाहिलं. केस माझेच वापरले, त्यांच्याकडे उधळायला उरलेत कुठे? तीनदा तेच झालं. ते स्टुलावर बसले.

मी धारेचा दगड नळाखाली धरला, पुसायला म्हणून आडवा ठेवला, आणि पाहते तर कडांवरचं पाणी निघून गेलेलं, मध्ये मात्र मस्त तळं साचलेलं. कंपासपेटीतल्या पट्टीची कड दगडावर आडवी टेकवली. पट्टीखालून उजेड दिसत होता. वर्षानुवर्षं घासून दगड मध्येच झिजला होता. वस्तरा टेकायचा तो कडांवर, पात्याच्या पोटाला दगड शिवतच नव्हता.

“दगडाकडे बघायचं नाही का कधी?” मी विचारलं.

बघणार कसे? त्यांच्या उस्तादांनी तो देताना बजावलं होतं, पाण्याशिवाय याला काही लावायचं नाही. बावीस वर्षं बाबांनी शब्द पाळला. उस्तादांच्या दगडावर शंका घेण्यापेक्षा त्यांना स्वतःच्या हातावर घेणं सोपं गेलं.

“उस्तादांनी हा बावीस वर्षं वापरला होता का?”

“नाही. नवाकोरा दिला होता.” त्यांनी वाकून पट्टीखालचा उजेड पुन्हा पाहिला. मग म्हणाले, “घास.”

आरशाखालची काचेची फळी काढली, त्यावर पॉलिश पेपर पसरला. दगडावर पेन्सिलीने चौकटी आखल्या, म्हणजे कुठे घासला जातोय ते कळेल. पहिल्या झटक्यात कडांवरच्या रेघा गेल्या, मधल्या जशाच्या तशा. पुन्हा आखा, पुन्हा घासा. दंड भरून आले, गणवेश कोपरापर्यंत राखाडी झाला. तेवढ्यात आई शिवणाच्या कारखान्यातून परतली, गणवेश बघून तिने तोंड उघडलं, मग बाबांचा चेहरा बघितला आणि निमूटपणे ओढणी खोचून दगडाचं दुसरं टोक धरलं. सहाव्या वेळी सगळ्या रेघा एकदमच गेल्या.

मग बाबा उभे राहिले. दगडावर वस्तरा हलका, अगदी स्वतःच्या वजनाने सरकवत. मग ताणलेल्या पट्ट्यावर, पाठ पुढे, धार मागे, टोकाला पोचलं की पाठीवरूनच पलटी. त्यांची बोटं जराही अडखळत नव्हती. मी मधोमध केस टेकवला. टेकवला म्हणेपर्यंत त्याचे दोन झाले.

मी पळत पोस्टातल्या आजोबांकडे गेले. ते यायला तयार नव्हते, गाल अजून दुखतो म्हणाले. या वेळी नाही जमलं तर तुमच्या नातीचा गणिताचा गृहपाठ वर्षभर मी करीन, असं मी कबूल केलं. नातीनेच त्यांना ढकलत आणलं.

खुर्चीत ते डोळे मिटून, ओठ आवळून बसले. एक गाल झाला, ओठ सैल पडले. दुसरा अर्धा झाला आणि ते चक्क घोरायला लागले. बाबांनी वस्तरा उचलून धरला आणि आरशातून माझ्याकडे पाहिलं. ते हसत होते, आवाज न करता, खांदे हलवत.

टॉवेल लागल्यावर आजोबांनी एक डोळा उघडला. “कधी सुरू करतोस?”

“झाली,” बाबा म्हणाले.

आजोबांनी दोन्ही गालांवरून हात फिरवला. मग पुन्हा फिरवला. नात तोंडावर हात दाबून बाहेर पळाली.

ते गेल्यावर बाबांनी चौकातल्या सलूनला फोन लावला आणि सोमवारी येत नाही म्हणून सांगितलं. कारण विचारलं असावं पलीकडून. हात बरा झाला, असं बाबा म्हणाले, आणि आई खुर्चीवर मटकन बसली, हसू की रडू कळेना अशी. मग डोळे पुसून मला म्हणाली, आता तोंड धू आणि अभ्यासाला बस.

मी बसले नाही.

“आई, बाबा, नीट ऐका,” मी म्हटलं. “दगड आजपासून माझ्याकडे. रोज शाळा सुटली की मी दुकानात येणार, धार लावायला शिकणार. आणि परीक्षा संपली की पहिली दाढी मी बाबांची करणार. त्यांनी आत्तापासून वाढवायला घ्यावी.”