दहाच्या आत

“बाहेर काढा! नळी बाहेर, काकू!”

काकूंनी दचकून नळी ओढली. खाटेवरचे काका निळसर पडले होते. सिस्टरांनी त्यांच्या गळ्यातल्या भोकाशी ऑक्सिजन धरला. हळूहळू ओठांना रंग आला.

“अजून खरखर येत होती हो,” काकू म्हणाल्या. “म्हटलं, एकदाचं सगळं स्वच्छ करून घ्यावं.”

“पातेलं आहे का घासून ठेवायला? नळी कफाबरोबर त्यांचा श्वासही ओढते.”

बेचाळीस वर्षांच्या संसारात काकूंनी कुठलंच काम अर्धवट सोडलं नव्हतं. इथे तोच दोष ठरत होता. काकांनी बसस्थानकावर बत्तीस वर्षं, गाड्या उशिरा येणार असल्याचं भारदस्त आवाजात जाहीर केलं होतं. आता आवाज गेला होता आणि पाटी आली होती. त्यांनी तिच्यावर लिहिलं : ‘हिला स्वच्छता प्रिय. मला श्वास.’

“बघा, टोमणे तेवढे शाबूत आहेत,” म्हणत काकूंनी तोंड फिरवलं.

काकूंना हे जमलं तर शुक्रवारी घरी, नाहीतर इथेच, असं डॉक्टर म्हणाले होते. ‘इथेच’ म्हणजे कुठवर, ते त्यांनी सांगितलं नव्हतं. फॉर्मात तसा रकाना नव्हता.

“हे बघा,” सिस्टर म्हणाल्या, “आधी ऑक्सिजन. नळी आत जाताना तिच्या भोकावरचा अंगठा उचललेला, म्हणजे ती ओढत नाही. बाहेर काढताना दाबायचा. आणि नळी आत गेली की तुम्हीही श्वास धरायचा. मनात आकडे मोजा. दहाच्या आत बाहेर. तुमचा जीव कासावीस झाला, तर त्यांचा आधीच झालेला असतो.”

गुरुवारी काकूंनी मोजत मोजत नवाला नळी काढली. काकांनी पाटीवर लिहिलं : ‘गाडी वेळेवर.’

शुक्रवारी ते घरी गेले.

अकरा आठवड्यांनी, दुपारी, सिस्टर पाच नंबरच्या पेशंटचा कफ काढत होत्या. नळी बाहेर आली, त्यांनी श्वास सोडला. मागे आणखी कुणीतरी सोडला.

पडद्यापाशी काकू होत्या. हातात न फोडलेल्या नळ्यांचा खोका.

“उरल्या. कुणाच्या तरी उपयोगी पडतील.”

अशा वस्तू परत घ्यायला अर्ज लागतो. सिस्टरांनी खोका तसाच घेतला.

“मी नवालाच काढली होती हो, सिस्टर. त्या सकाळीसुद्धा. काढली, मी श्वास घेतला. आता हे घेतील म्हणून बघत बसले.”

सिस्टर तिथे नव्हत्या. त्यांना काही ठाऊक असायचं कारण नव्हतं.

“नवालाच काढलीत तुम्ही,” त्या म्हणाल्या. “माहितीये मला.”

पाच नंबरचा गळा पुन्हा खरखरू लागला. सिस्टरांनी हात धुतले, नवे हातमोजे चढवले, ऑक्सिजन दिला, नळी आत सरकवली.

काकूंचं काम झालं होतं, त्या जाऊ शकत होत्या. त्या पडद्यापाशीच उभ्या राहिल्या, ओठ घट्ट मिटून.