अस्तर लावलेला मोजा

रविवारी त्या हवाईपट्टीवर विमानं कमी आणि कचोऱ्या जास्त. उज्जैनच्या भय्यासाहेबांची ही खासगी पट्टी. कडेला त्यांनी झोपाळे टांगले, ठेले लावले, आणि शिकाऊ विमानं बघायला शहरातल्या फ्रीगंजातून कुटुंबंच्या कुटुंबं लोटू लागली.

खांबावरचा कापडी मोजा, वैमानिकाला वाऱ्याची दिशा दाखवणारा, उन्हानं पार विरला होता. भय्यासाहेब म्हणाले, "नवा जरा बढिया करा, फोटोत दिसला पाहिजे." तिथं रेडिओ सांभाळणाऱ्या विलासरावांनी घरी सांगितलं आणि कुसुमताईंना तेवढंच निमित्त हवं होतं. छापकाम चालतं त्या भैरवगढला जाऊन त्यांनी लाल-काळ्या छापाचं जाड सुती कापड आणलं. कापड घ्यायचं तर टिकाऊ, ही माहेरची शिकवण. दुहेरी शिवण घातली, वर अस्तरही लावलं. आता मोज्याला कुणी अस्तर लावतं का? पण विमान शिकणारी लेक, गौरी, त्याच्याकडे बघून उतरणार म्हणून लावलं.

आज गौरी पहिल्यांदाच एकटी वर गेली होती. खाली पाहुणे मोज्यापाशी फोटो काढत होते आणि कुसुमताईंचा ऊर भरून येत होता. तेवढ्यात त्यांचा पदर उडाला. सावरला, पुन्हा उडाला, नाल्याच्या दिशेनं. त्यांनी वर पाहिलं. मोजा ढिम्म लोंबत होता.

 गौरी पट्टीच्या दुसऱ्या टोकाकडून खाली येत होती, वारा पाठीशी घेऊन, अशानं विमान लवकर थांबत नाही, आणि पट्टी संपली की नाला.

त्या तडक रेडिओच्या खोलीत गेल्या. भय्यासाहेब तिथं पाहुण्यांना मोजाच दाखवत होते.

"अहो, तिला उतरू देऊ नका. मागून वारा आहे."

"हवा बंद आहे," विलासराव म्हणाले. "आत्ताच सांगितलं तिला. मोजा बघ ना."

"हवा बंद नाही. माझं कापड जड झालंय."

विलासरावांनी दारातून उडणारा पदर पाहिला आणि रेडिओ तोंडाशी धरला. "गौरी, उतरू नकोस. वर चल. वळून नाल्याच्या बाजूनं ये."

विमान खांबाजवळून घरघरत वर चढलं. पाहुण्यांना वाटलं, खास त्यांच्यासाठी कसरत केली. त्यांनी टाळ्या वाजवल्या. एकेकाला धरून हलवावं असं कुसुमताईंना वाटलं. पण त्या खांबापाशी गेल्या, दोरी सोडली आणि मोजा खाली घेतला. भय्यासाहेब "अहो भाभी, फोटो चाललेत," म्हणत राहिले.

गौरी नाल्यावरून आली आणि अलगद उतरली. आईच्या मांडीवर मोज्याची घडी बघून ती थबकली.

"काढलास कशाला?"

"चुकलं माझं. कापड जड झालं, वाऱ्यानं उचललंच नाही."

गौरी शेजारी बसली. 

"वर फार भीती वाटत होती गं," ती म्हणाली. "मग लाल छाप दिसला. म्हटलं, आईनं शिवलाय. मग दुसरीकडे कुठे पाहिलंच नाही."

 कुसुमताईंनी मोजा उलटा केला आणि तिथंच बसून अस्तर उसवायला घेतलं.