गुणाचं बाळ

वाटीच्या काठावरून ओघळलेला तेलाचा थेंब... आणि जुईला पायांवर पालथी घालून बसलेली शालनबाई. कुरुळीतल्या निम्म्या पोरांना तिनं न्हाऊ-माखू घातलेलं. "विजू, पोर हातातनं निसटतंय. अंगच धरीत न्हाई. डाक्टरला दाव." विजयश्री तेव्हा हसली होती. बी.एस्सी. झालेली ती, तेल लावल्यावर निसटणार नाही तर काय — शिवाय रात्रपाळी करून जयदीप त्याच एका खोलीत दिवसा झोपायचा, अशा घरात न रडणारं, ठेवलं तिथंच पडून राहणारं बाळ म्हणजे केवढं सुख. गुणाची गं माझी बाय, असं ती चाळभर सांगत सुटायची.

आता आठवा महिना, आणि मान अजून धरलेली नाही. चिंचवडच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी गुडघ्यावर रबरी हातोडी मारली होती, एकदा, दोनदा — पाय हललाच नव्हता. डोळे मात्र हातोडीमागं टकामका फिरत होते. रक्त तपासायला गेलं, पंधरा दिवस गेले, आज सकाळी कागद हाती आला. दोष जनुकातला. स्नायूंना हलवणाऱ्या मणक्यातल्या पेशीच मरत जातात. निम्मा दोष आईकडून, निम्मा बापाकडून. दोघंही धडधाकट, म्हणून कुणाला पत्ता नाही. विजयश्रीनं मान डोलावली, वर्गात डोलवायची तशीच. वाटाण्याच्या झाडांचे चौकोन काढले होते तिनं तेव्हा, पट्टीनं — चारांतला एक.

"तुमच्या दोघांच्या भावंडांनाही तपासावं लागेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "घरात आत्ता कुणी गरोदर आहे?"

"नाही."

का म्हणाली ती असं? रिक्षात जुईचं डोकं कोपरात नीट बसवताना तिनं स्वतःला विचारून पाहिलं, पण आत काही हललंच नाही... मोनिका, तिची पाठची बहीण, चौथ्या महिन्यात आहे. मोनिकाचा नवरा जयदीपचा सख्खा भाऊ. दोघी बहिणी एकाच घरात दिलेल्या — विजयश्रीच हटून बसली होती, बहीणच जाऊ म्हणून आली तर परकं असं काही उरणारच नाही, म्हणून. मांडवात किती मिरवली होती. आता तेच चौकोन मोनिकासाठीही काढता येतात.

मोशीच्या चौकात मोनिकाचाच फोन आला. रिपोर्टचं विचारलं. अजून आला नाही, विजयश्री म्हणाली. आवाज सरळ निघाला, त्याचंच तिला नवल वाटलं. मग मोनिका हसत म्हणाली, "माझं बघ ताई, आत्तापासूनच शहाणं. उलटी नाही, काही नाही. जुईवर गेलंय."

"हो," ती म्हणाली.

फोन ठेवला. कागद पर्समध्ये होता. जयदीप उठला की त्याला सांगायचं, मग सासूबाईंना, आणि मग... डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, गरोदरपणात तपासायचं तर वेळेत तपासावं, आठवडे हातचे जातात. सगळं समजलेलं होतं. नुसतं तोंडच उघडत नव्हतं तिचं — माझं. तर मग तुम्ही, हे वाचणाऱ्यांतलं आळंदीला कुणी जात असाल तर — देहू फाट्याच्या अलीकडे, पिवळी इमारत, दुसरा मजला — मोनिकाकडे जरा जाऊन या. तिला म्हणावं, दोघांचं रक्त तपासून घ्या. याच आठवड्यात. ती हसेल, तरी दारातून हलू नका.